दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना

ती. स्व. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

बंगळुरूला पोचल्यावर तुम्ही फोन केलात, तेव्हा मी आभाराचं काढलं आणि तुम्ही "ते राहू दे, आज घड्याळ लावलंस का?" म्हणून विषयच बदललात. समोरासमोर तुम्ही मला हे कधी बोलू देणार नाही, म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांत लिहिते आहे, कारण मुद्रितशोधन करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांची हल्ली एकच तक्रार असते: पान समोर असतं, डोळे ओळीवर असतात आणि मन भलतीकडेच असतं. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामी यावं.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगते. एका दिवाळी अंकाची प्रुफं माझ्याकडे होती. एका दिवंगत लेखकावरच्या लेखाच्या मथळ्यात 'स्मृतिदिन'च्या जागी 'स्मृतिदीन' छापून आलं. आतल्या बारीक टायपात लपलेली चूक नव्हती, अर्धं पान व्यापणारा मथळा होता. तीन वाचनं झाली होती आणि तिन्ही माझीच. बावीस वर्षं हे काम करते, असली वेलांटी मला दुरूनही खुपायला हवी. संपादक एका शब्दानंही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी काम मात्र आलं नाही.

तो अंक मांडीवर घेऊन मी जिन्यात बसले होते. तुम्ही भाजीची पिशवी खाली ठेवलीत, माझ्या शेजारी पायरीवर टेकलात आणि अंकाकडे बघितलंही नाहीत. विचारलंत, "आईला जाऊन किती महिने झाले?" मला वाटलं, सांत्वन करताय. पण पुढचा प्रश्न वेगळाच होता. "आणि त्याआधी किती दिवस फोन उशाशी घेऊन झोपत होतीस?"

चौदा महिने, काकू. आई दादाकडे होती, रात्रीबेरात्री केव्हाही फोन यायचा. ती गेली तरी फोन वाजला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. नुसता थरथरला तरी. कुणा दुकानाची जाहिरात आली तरी.

"मग लक्ष गेलं गेलं म्हणून काय रडतेस?" तुम्ही म्हणालात. "ते पहाऱ्यावर बसलंय. पहारा उठल्याचं त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

त्या एका वाक्यानं मला किती मोकळं केलं, हे तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही. तोपर्यंत मी स्वतःला आळशी, निष्काळजी, वय झालेली, काय काय म्हणून घेत होते. पहाटे उठून बसत होते, देवापुढे शपथा घेत होते. महिन्याच्या महिन्याला पैसे भरून मोबाइलवर 'मेंदूचे खेळ'सुद्धा खेळत होते. ते खेळ तुम्ही पहिल्याच आठवड्यात बंद करायला लावलेत. खेळून खेळून माणूस त्या खेळात तरबेज होतो, रोजच्या कामात त्याचा फायदा उतरल्याचा पुरावा फार तुटपुंजा आहे, असं सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मटार सोलता सोलता, तुम्ही मला मेंदू समजावलात. मेंदूच्या बुंध्यात निळसर पेशींचा एक इवलासा पुंजका असतो, लोकस सेरुलियस नावाचा. काही अचानक, काही महत्त्वाचं घडलं की तो नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचं सावध करणारं रसायन सोडतो आणि त्याचे धागे मेंदूभर पोचलेले असल्यामुळे सगळा मेंदू खडबडून जागा होतो. मग १९९० साली पोस्नर आणि पीटरसन यांनी केलेली मांडणी सांगितलीत, की 'लक्ष' ही एकच एक गोष्ट नव्हे. सावध राहणं हे एक काम, नेमक्या जागी वळणं हे दुसरं आणि हवं ते धरून नको ते बाजूला सारणं हे तिसरं. या तिसऱ्या कामात कपाळामागच्या भागाचा मोठा वाटा. तुम्ही तीन मटार वेगळे काढून ताटलीत ठेवलेत. "तुझा हा पहिला चौदा महिने राबलाय," म्हणालात, "आणि तू मारतेयस या तिसऱ्याला."

पण काकू, माझा खरा कायापालट झाला तो तुमच्या घड्याळानं. मॅकवर्थची गोष्ट मी आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दोन्ही मुलींना सांगते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांमधून रडारवर जर्मन पाणबुड्या शोधणारे लोक थोड्या वेळानं पडद्यावरच्या खुणा पाहूनही चुकवायला लागत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिजमध्ये त्यासाठी एक घड्याळ तयार केलं. कोऱ्या तबकडीवर काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे जायचा, शंभर पावलांत एक फेरी. मधूनच केव्हातरी तो एकदम दोन पावलं उडी मारायचा. समोर बसलेल्यानं ती उडी टिपायची, दोन तास. धडधाकट, तरुण, कामाचं महत्त्व जाणणारी माणसं अर्ध्या तासातच उड्या चुकवायला लागली. हे १९४८ साली प्रसिद्ध झालं.

मी म्हटलं, "काकू, हे तर प्रूफ वाचणंच झालं." तुम्ही नुसत्या हसलात. खरंच होतं ते. ओळीमागून ओळ बरोबर येत राहते, काटा एकेक पाऊल पुढे जात राहतो आणि कुठेतरी अचानक एक वेलांटी उडी मारते. आणि मी तर सलग तीन-तीन तास बसत होते! जास्त वेळ बसलं म्हणजे जास्त कष्ट घेतले, अशीच माझी समजूत होती.

तुम्ही माझ्या शब्दावर विसंबला नाहीत, हे मला फार आवडलं. एका जुन्या मजकुरात तुम्ही स्वतः चुका पेरल्यात, कुठे अनुस्वार उडवून, कुठे 'सूत'चा 'सुत' करून, आणि दर पंचवीस मिनिटांच्या मजकुरात बारा चुका येतील असं बघितलंत. मी नेहमीसारखी सलग बसले. पहिल्या पंचवीस मिनिटांत बारापैकी अकरा सापडल्या, शेवटच्या पंचवीस मिनिटांत पाच. आलेखाच्या कागदावरची ती उतरती रेघ अजून माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. दुसऱ्या दिवशी तसाच पेरलेला दुसरा मजकूर, पण तुमचं घड्याळ लावून दर पंचवीस मिनिटांनी उठून गॅलरीत जायचं, कुंड्यांना पाणी घालायचं, फोनला हात लावायचा नाही. शेवटच्या टप्प्यात दहा सापडल्या. बावीस वर्षांत मला कुणी हे असं मोजून दाखवलं नव्हतं.

मॅकवर्थ यांच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट तुम्ही सांगितलीत. टिपलं की हुकलं हे लगेच कळत गेलं की माणसांचं लक्ष टिकून राहायचं. मुद्रितशोधकाला हे कुठून कळणार? आपली सुटलेली चूक आपल्याला कळते ती अंक छापून आल्यावर. म्हणून तर तुम्ही ती शंभर पानी वही दिलीत. मन भटकलंय हे ध्यानात आलं की एक टिंब, आणि ओळीच्या आरंभाला परत. रागवायचं नाही, कारण शोधायचं नाही.

पहिल्या दिवशी सतरा टिंबं होती. आठवड्यानं एकतीस झाली. मी रडकुंडीला येऊन वर आले, आणि तुम्ही वही बघून खूश! म्हणालात, "अगं, मन तेवढंच भटकतंय, आता तुला ते कळायला लागलंय." भटकण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हेही तेव्हाच सांगितलंत. २०१० साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता मन हातातल्या कामावर आहे का? जवळजवळ ४७ टक्के वेळा ते दुसरीकडेच होतं. हाती ठरावीक काम नसतं तेव्हा मेंदूचे काही भाग उलट जास्त चालू असतात. रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली त्या अवस्थेची मांडणी केली. आठवणी, उद्याची चिंता, कुणी काय बोललं, सगळं तिथलं. माझं मन तिथे जाऊन बसायचं ते आईच्या खाटेपाशी. टिंब काढून परत ओळीवर येताना मी तिला दर वेळी सोडून येतेय असं वाटायचं. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, संध्याकाळी साडेसहा ते सात आईची वेळ ठेव, कामाच्या वेळी नको. तो अर्धा तास मी अजून पाळते. याला मेंदूविज्ञानात काही नाव आहे की नाही ते मी विचारलं नाही.

चिठ्ठ्यांचं मात्र मला सगळ्यांना आवर्जून सांगायचंय. आमच्या कामात दारावरची बेल, कुकरची शिट्टी, प्रेसमधून "पानं कधी?" हे चालूच. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की पहिल्याचा अंश मनात रेंगाळत राहतो, हे सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं. तुमचा उपाय म्हणजे उठण्याआधी दोन ओळी लिहून ठेवायच्या, कुठे थांबले आणि परत आल्यावर काय करायचं. आज सकाळचीच चिठ्ठी इथे उतरवते: "पान ४३, ओळ १२. 'सुरवात' की 'सुरुवात' ते अंकभर एकच ठेवायचं, संपादकांना विचारणे. पुढे तळटीप." दहा सेकंदांचं काम. पण गॅस बंद करून परत येते तेव्हा मी थेट त्याच शब्दावर असते, पूर्वी पानच्या पान पुन्हा वाचावं लागे.

मथळा का सुटला तेही तुम्हीच उलगडलंत. हात लांब करून अंगठ्याचं नख बघायला लावलंत. डोळ्याला अगदी स्वच्छ दिसतं ते साधारण तेवढंच. वाचताना नजर ओळीवरून घरंगळत जात नाही, उड्या मारत जाते, आणि मधलं बरंचसं मेंदू ओळखीनं भरून काढतो. शब्द जितका ओळखीचा तितकी भर जास्त. 'स्मृतिदिन' मी वाचलाच नव्हता, ओळखला होता. आता मथळे मी सगळ्यात शेवटी, वेगळ्या बैठकीत, कोऱ्या कागदाला खाच पाडून एकेक अक्षर बघत वाचते. आणि एका वाचनात एकाच जातीची चूक: आधी ऱ्हस्वदीर्घ, मग अनुस्वार, मग विशेषनामं, मग पृष्ठांक. मनात एका वेळी चारेक गोष्टीच धरता येतात, असा नेल्सन कोवन यांचा २००१ सालचा अंदाज तुम्ही सांगितला होतात. मी आजवर तिथे सगळा शुद्धलेखनाचा नियमसंग्रह कोंबत होते.

फोन आता स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्याशेजारी. फोन नुसता टेबलावर असला तरी बुद्धीवर ताण येतो, असा २०१७ सालचा एक प्रयोग तुम्ही सांगितलात आणि लगेच हेही सांगितलंत की पुढे तो निकाल सगळ्यांना सारखा मिळाला नाही. "पण तुझ्यापुरतं आपण मोजू," म्हणालात, आणि मोजलंत. तुमची ही रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. सोसायटीच्या ग्रुपवर 'माणसाचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, गोड्या पाण्यातल्या सोनमाशाहूनही कमी' असं आलं, तेव्हा तुम्ही केवढ्या संतापला होतात! त्या आठ सेकंदांमागे धड अभ्यासच नाही, हे तुम्ही तिथेच लिहिलंत. बरं केलंत. असलं वाचून माणसं आधीच हात टेकतात.

झोपेवरून मी तुमच्याशी वाद घातला होता, त्याबद्दल क्षमा मागते. दिवाळी अंकांच्या मोसमात सहा तास झोप पुष्कळ झाली, असं मी ठामपणे म्हणत होते. तुम्ही व्हॅन डाँगेन यांचा २००३ सालचा अभ्यास पुढे केलात. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी एक-दोन अख्ख्या रात्री जागल्यासारखी ढासळली, आणि त्यांना स्वतःला फारशी झोप येत असल्यासारखं वाटतही नव्हतं. "ठीक आहे मी" हे वाक्य मी त्या दिवसापासून पुरावा म्हणून वापरत नाही. रात्री नऊनंतर प्रूफ नाही, चारनंतर चहा नाही. चहाचं सोडणं जड गेलं.

यंदा त्याच संपादकांचा फोन आला. पंधरा फर्म्यांचा अंक, म्हणजे दोनशे चाळीस पानं, सप्टेंबरपासून मी पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बैठकींत वाचला. टिंबांची वही चौथी चालू आहे. बैठकीला टिंबं आता सहा-सात असतात, आईच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात मात्र वीसपर्यंत गेली होती आणि मी ती तशीच लिहून ठेवली आहेत. फोन वाजला की अजून कधी कधी धस्स होतं. पण आता मी उठत नाही. मसाल्याच्या डब्याशेजारी तो वाजून वाजून थांबतो.

तुमचं घड्याळ माझ्याकडेच आहे. तुम्ही जाताना ते मुद्दाम विसरलात, हे मला माहीत आहे.

अंक काल कुरिअरनं पाठवला. मथळे सगळे शुद्ध आहेत. आत एक चूक राहिली आहे, ती मला छापून आल्यावर सापडली. कुठे आहे ते लिहीत नाही. तुम्हाला सापडली की फोन करा, संध्याकाळी सातनंतर.

तुमची,
तळमजल्यावरची मुद्रितशोधक