कुमे, सवाईला उषी भेटली

पुणे, सोमवार दुपार

प्रिय कुमे,

तब्येतीचं आधी उरकून टाकते. माझी साखर काबूत, यांचं बीपी गोळीवर, आणि गुडघ्यांनी भारतीय बैठकीला कायमचा रामराम केल्यामुळे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला यंदाही खुर्चीचं तिकीट. आता मुद्द्याचं. हे फोनवर सांगण्यात अर्थ नाही. उषीचं नाव काढलं की तू समोरच्याला बोलू देत नाहीस. कागदावर तुला मधे तोंड घालता येणार नाही, म्हणून हा उद्योग. शेवटपर्यंत वाच.

शनिवारी सकाळीच मंगल आणि तिचे यजमान सांगलीहून थडकले. दुपारी सगळे टिळक रोडवर दुर्वांकुरला थाळी जेवलो. वाढपी आग्रह करत होता आणि मंगलचे यजमान प्रत्येक वेळी 'बरं, अर्धी' म्हणत होते. अशा किती अर्ध्या झाल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. तिथून मुकुंदनगर. २०१८ पासून सवाई महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आहे, तरी मंगल रिक्षावाल्याला जुन्या सवयीने 'रमणबाग' असंच म्हणाली. तोही पेठेतलाच निघाला, 'सवाईला ना? मग रमणबाग नव्हे' म्हणून त्याने तिलाच सुनावलं. उषी आधीच येऊन बसली होती. तीच राखाडी शाल, पर्समध्ये तेच आल्याच्या वड्यांचं डबडं.

पहिलं गाणं एका तरुण मुलीचं. (नाव सांगत नाही. तू लगेच यूट्यूबवर ऐकून तिचे दोष काढशील.) राग मुलतानी. मागे दोन विद्यार्थिनी तानपुऱ्यावर, आणि तानपुरे असे लागले होते की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप निघत होता. मंडप गप्प झाला, मुलीने नुसता निषाद लावला, आणि आपली उषी खणखणीत आवाजात म्हणाली, "तानपुरे लागलेच नाहीत गं! जवारीच बोलत नाहीये, तारांना झंकारच नाही."

पुढच्या तीन रांगा वळल्या. एका आजोबांनी तर असं पाहिलं की मीच तानपुरा लावून आलेय. मी तिचा हात दाबला, तर म्हणते, "काय? मी हळूच बोलले."

कुमे, ही कोण बोलतेय? रमणबागेत पहाटे चारला, शेवटच्या चटईवर, आपण दोघी एकमेकींच्या खांद्यावर घोरत असताना हिने आपल्याला उठवून सांगितलं होतं की उजवीकडच्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा उतरल्यात. तू म्हणालीस, झोप गप्प. आणि थोड्या वेळाने बुवांनीच गाता गाता मागे हात नेऊन खुंटी पिळली. तेव्हापासून हिच्या कानाला आपण हायकोर्ट म्हणायचो. तुझ्या त्या 'तोडी की मुलतानी' भांडणातही निकाल तिनेच दिला होता, आणि तो तू आजतागायत मानलेला नाहीस. (सूर तेच असले म्हणून काय झालं? मुलतानीत आरोहात ऋषभ-धैवत घेत नाहीत आणि पंचमावर ऐसपैस बसतात. त्या पहाटे पंचमावर कोणी बसलं नव्हतं. तोडीच होती. तू हरलीस.)

बाकी शनिवार छान झाला. त्या दिवशी बारापर्यंत परवानगी असते, म्हणून निदान एक मालकंस त्याच्या वेळेला ऐकायला मिळाला. एरवी दहाच्या ठोक्याला बंद. मग गाणारा साडेनवालाच दरबारी उरकतो आणि घड्याळाकडे बघत भैरवी. रात्रभराची मैफल गेली, तिच्याबरोबर ललितही गेला आणि पहाटेचा तो पाणचट चहाही. चहाचं दुःख नाही.

रविवारी सकाळी आम्ही सगळ्या वैशालीत. रांगेत उभं राहून एकदाचं टेबल मिळालं. एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) आली, बशा आदळत होत्या, पोरं ओरडत होती, आणि मी सांगितलं, "सुहासची बायको गेली अमेरिकेला." उषीने चमचा खाली ठेवला, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाली, "अरे देवा! कशानं गं?"

आम्ही हसून हसून मेलो. मंगलच्या नाकात पुदिन्याची चटणी गेली. उषीही हसली, पण सगळ्यांच्या नंतर, आमची तोंडं बघून. ते मला दिसलं आणि पुढचा डोसा मला जाईना.

मग सगळं आठवत गेलं. गेल्या महिन्यात उषीच्या गाण्याच्या क्लासला गेले होते. मध्यमा परीक्षेच्या मुली बसल्या होत्या आणि ही तानपुऱ्याच्या घोडीवरचा दोरा सरकवत होती. जरा पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे. जवारी केव्हाच खुलली होती. मुली एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी तिने दोरा सोडला आणि मोबाइलवरचा तानपुरा मोठ्याने लावला, इतका की खालच्या मजल्यावरचे सबनीस वर आले. त्यातली एक थोराड मुलगी मला जिन्यात म्हणाली, "मावशी, बाईंना वरच्या पट्टीतलं बेसूर हल्ली कळत नाही. आम्हीच एकमेकींना सांगतो." त्या पोरी तिला सांभाळून घेतायत, कुमे. हे तिला कळलं तर ती क्लास बंद करेल, आणि क्लास बंद झाला तर तिच्याकडे काय उरतं ते तुला मी सांगायला नको.

आमच्या वरच्या मजल्यावर एक ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारी, मुलगी राहते. काल रात्री नाव न सांगता तिला विचारलं. ती म्हणाली, वयाने ऐकू कमी व्हायला लागलं की आधी वरचे, बारीक आवाज जातात. माणसाला वाटतं आपल्याला सगळं ऐकू येतंय, लोकच पुटपुटतात. स, श, फ असली व्यंजनं निसटतात, स्वर तेवढे राहतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. भोवती गलका असला तर विचारूच नको. आणि तानपुऱ्याची सगळी झळाळी त्या वरच्या आवाजांतच! म्हणजे खर्ज तिला व्यवस्थित ऐकू येतो, पण वर जे फुलतं ते तिच्यासाठी नाहीच. दोरा सरकवून ते कुठून येणार?

मी विचारलं, मशीन लावलं की झालं ना? तर तिथेही मेख. ती यंत्रं मुळात बोलणं ऐकण्यासाठी केलेली. तानपुऱ्याचा किंवा बासरीचा लांब सूर लागला की यंत्राला ती आपलीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर दाबायला जातं. उषीच्या कानात यंत्र घालायचं आणि त्याने षड्जच दाबायचा! म्हणून गाण्यासाठी त्यात वेगळी सोय करून घ्यावी लागते, दोन-चार वेळा जाऊन जुळवून घ्यावं लागतं. होतं म्हणे. आणि आधी साधी तपासणी करा, कधी कधी नुसता मळही निघतो. मी रात्रभर मळासाठी देवाला साकडं घालत होते.

आता तुझ्याबद्दल. दिवाळीत तू तिला फोन केलास, तिने दोन मिनिटांत ठेवला, नंतर उचललाच नाही, आणि तेव्हापासून तू धरून बसलीयस की ती तोडीवरून आणि त्या गुरुशिष्यांच्या गंडाबंधन समारंभाच्या आमंत्रणावरून रुसलीय. ती रुसलेली नाही, कुमे. तिला फोनवर ऐकू येत नाही. तू मुळात भरभर बोलतेस, त्यात ते नागपुरी हेल, आणि मागे तुझा मिक्सर. मलाही ती हल्ली व्हॉट्सअॅपवर नुसतं 'ठीक' आणि 'हो' लिहिते. मला वाटायचं म्हातारी शिष्ट झाली.

काल शेवटी रीतीप्रमाणे सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. प्रभाताई अत्रे गेल्या तेव्हापासून शेवटचा दिवस थोडा रिकामाच वाटतो, पण मुद्रिका लागली आणि उषी तिच्याबरोबर गुणगुणायला लागली. अगदी सुरात. कणभर इकडेतिकडे नाही. त्या जुन्या तबकडीत वरचं बारीक मुळातच फारसं नाही, त्यामुळे तिचं त्यात काहीच हरवलं नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणते, "बघ, याला म्हणतात सूर. हल्लीच्यांचे तानपुरेच लागत नाहीत."

मी 'हो' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

सांगणार कोण, हा प्रश्न आहे. मी सांगितलं तर म्हणेल, तुला सुरातलं काय कळतं, आणि ते खरंही आहे. मंगलला सांगू दिलं तर सांगलीपासून सवाईपर्यंत सगळ्यांना कळेल. तिच्या मुलाला सांगावं तर तो तिकडून ऑनलाइन यंत्र मागवून मोकळा होईल. तुझं ती ऐकते. भांडते आणि ऐकते. तुझ्याशी वाद घालताना तिला कीव केल्यासारखं वाटत नाही, हे महत्त्वाचं. तेव्हा संक्रांतीला ये. फोन करू नकोस, पत्र लिही, तिला वाचता येतं. तोडीवरून सुरुवात कर, हवं तर कबूल कर. कबूल नसलं तर आणखी बरं, तिला चेव येईल. क्लासच्या मुलींचं आणि माझं नाव मात्र काढायचं नाही.

तुझ्या नातीचे बारशाचे फोटो पाहिले, नाक तुझ्यावर गेलंय, बिचारी. घराचा रंग झाला का? भाऊसाहेबांचं डोळ्याचं ऑपरेशन उरकलं असेल, त्यांना नमस्कार. येताना संत्र्याची बर्फी आण, पण मागच्या वेळची नको, तिला फ्रीजचा वास होता. मी त्या वरच्या मुलीकडे संक्रांतीनंतरच्या मंगळवारची वेळ धरून ठेवलीय. 'माझ्याच कानासाठी' असं सांगितलंय, म्हणजे आपण तिघी जाऊ आणि पहिली मी बसेन. तिकीट काढलंस की कळव.

तुझी,
शालू