सारंगखेड्याचा घोडा आणि बार्सिलोनाचा फोन

चोपडा,
२० एप्रिल २०२५

प्रिय सुन्या,

कसा शे रे भो? मार्चच्या पहिल्या आठवड्यात तू बार्सिलोनाच्या मोबाईलच्या जत्रेतून, म्हणजे त्या मोबाईल वर्ल्ड काँग्रेसमधून, नव्या फोनचे फोटो धाडलेस आणि उत्तर लिहायला मला एप्रिलची वीस तारीख उजाडली. शिव्या दे, ऐकून घेतो. फोनच केला असता, पण मला तुझ्याशी नीट भांडायचंय आणि फोनवर तू मध्येच "एक मिनिट हं, मीटिंग" म्हणून पळतोस. सध्या दुपारी बारा ते चार माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. शटरला हात लावला तर पोळतो. म्हणून वही काढून बसलोय.

आधी तो सोलरचा फोन. इन्फिनिक्स कंपनीचा, पाठीवर पेरोव्हस्काइटचं, म्हणजे उन्हातून वीज करणाऱ्या नव्या पदार्थाचं, पॅनेल असलेला. तू फोटोखाली लिहिलंस, "पंड्या, हा तुमच्या खान्देशासाठीच!" मीही दोन दिवस खूश होतो. मग हिशेब मांडला. पॅनेल देणार फार तर २ वॉट. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. म्हणजे कडक उन्हात, सूर्याकडे तोंड करून, दहा तास. आता एवढा वेळ फोन आमच्या उन्हात ठेव. पारा ४४-४५ वर, त्यात काळं पॅनेल, खाली बॅटरी. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो. मे महिन्यात माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं, "चार्जर खराब झाला" म्हणत. चार्जर चांगला असतो, फोन तापलेला असतो. मी तो पाच मिनिटं पंख्याखाली ठेवतो आणि परत देतो. पैसे घेत नाही, लाज वाटते.

म्हणजे गंमत बघ. ऊन आमच्याकडे, पण तो फोन खूश राहणार बार्सिलोनाच्या मार्चमधल्या कोवळ्या उन्हात. आप्पांनी तर एका वाक्यात निकाल लावला. शेतातल्या सोलर पंपाकडे बोट दाखवून म्हणाले, "पाट्या उन्हात, मोटर विहिरीत. दोन्ही एकाच जागी ठेवायचं कुणाला सुचलं?" इंजिनिअर तू झालास, पण डोकं आप्पांचं. तसा सोलर फोन नवा नाहीच. २००९ साली सॅमसंगने आपल्याकडे गुरू सोलर काढला होता. तासभर उन्हात ठेवला की पाच-दहा मिनिटं बोलणं व्हायचं. तेवढ्यात आप्पांचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुद्धा पुरं होत नाही.

आप्पांसाठी मला खरा आवडलेला फोन वेगळाच. २०१९ च्या बार्सिलोनाच्या जत्रेत एनर्जायझरच्या नावाने एक वीट ठेवली होती. १८,००० एमएएच, जाडी १८ मिलिमीटर. जग हसलं. लोकवर्गणीतून बारा लाख डॉलर जमवायचे होते, त्यातला जेमतेम शंभरावा हिस्सा जमला. पण रात्रपाळीच्या लाइटवर केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला तीच वीट हवी असते रे. टॉर्चही लावायचा, मोटारही फोनवरून चालू करायची आणि पहाटे घरी फोनही करायचा. वर्गणी काढणाऱ्यांना रावेर-यावलचा रस्ता माहीत नव्हता, दुसरं काय.

आता घडीचे फोन. तुला ठाऊक आहे ना, आमच्या धंद्यात काच आणि डिस्प्लेच्या जोडीला आधीपासूनच 'फोल्डर' म्हणतात? त्यामुळे पहिला घडीचा फोन दुकानात आला तेव्हा पोऱ्या विचारतो, "भाऊ, फोल्डरचं फोल्डर बदलायचं का?" फोन एका जिनिंगवाल्या शेठचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, भिंतीला कान असतात. घडीच्या जागी काळी रेघ आलेली, रोज तांदळाएवढी वाढत होती. बिजागरी भिंगाखाली धरली तर आत कापसाचा एक तंतू आणि त्याला चिकटलेला तिळापेक्षा बारीक खडा. एवढ्या खड्याने दीड लाखाचा फोन आडवा केला. शेठनी वरून पडद्यावरची फिल्मही सोलून काढलेली, गार्ड समजून. त्यांना काय हसायचं? २०१९ मध्ये गॅलेक्सी फोल्ड बाजारात येण्याआधी परीक्षणाला दिला, तेव्हा मोठमोठ्या पत्रकारांनीही ती फिल्म अशीच सोलली होती. पडदे गेले, विक्री एप्रिलवरून सप्टेंबरवर गेली. शेठना आतल्या डिस्प्लेची किंमत सांगितली तर म्हणाले, "त्यात जुनी मोटारसायकल येईल." खरंच येते.

तुझ्या फोटोंतल्या घडीच्या फोनांत मी सारखी बिजागरी शोधत होतो. दिसते कुठे? फोन काचेच्या पेटीत, वर दिवा, "हात लावू नये". आपण सहावीत असताना तात्यांनी आपल्याला सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेला नेलं होतं, आठवतं? तिथे दोन जातीचे घोडे. एक मंडपातला, गळ्यात माळा, भोवती गर्दी, किंमत विचारली की मालक नुसता हसणार. दुसरा तापीकाठी उभा. त्याचं तोंड उघडून दात बघायचे, भोवरे तपासायचे, रेतीत पळवून चाल बघायची आणि मग रुमालाखाली बोटांनी सौदा. तात्या मंडपातल्या घोड्यापुढे पाच मिनिटं उभे राहिले आणि दिवसभर रेतीत बसले. मला तुझ्या जत्रेतली रेती बघायचीय.

मंडपातला घोडा खोटा असतो असं नाही म्हणत मी. २०१३ ला लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात सॅमसंगने 'यूम' नावाचा वाकणारा पडदा दाखवला, तेव्हा मीच म्हणालो होतो, सिनेमा आहे. सहा वर्षांनी त्याचा फोन आला. लेनोवोने २०२३ ला गुंडाळी उलगडणारा लॅपटॉप नुसता दाखवायला ठेवला होता, यंदा जानेवारीत तो विकायचा म्हणून जाहीर केला. बटण दाबलं की १४ इंचांचा पडदा वर सरकत १६.७ होतो. आणि एलजीचं? २०२१ च्या जानेवारीत गुंडाळीचा फोन दाखवला, एप्रिलमध्ये फोनचा धंदाच गुंडाळला. बरं, पडदे बनवणाऱ्यांचं गिऱ्हाईक तू-मी नसतोच, फोन बनवणाऱ्या कंपन्या असतात. तिथे फोन हा सुपातला नमुना, पोती पडद्याची विकायची असतात. हे एकदा कळलं की त्या पेटीचा राग येत नाही.

पुढच्या वर्षी गेलास तर माझं एक काम कर. स्टॉलवरच्या पोराला एवढंच विचार, "हा उघडायचा कुठून?" उत्तर जसंच्या तसं लिहून आण. स्क्रू दिसला तर फोटो काढ.

बाकी बरं आहे. ३० तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ताई येतेय, लिंबाला झोका बांधायचं काम माझ्याकडे आहे. आईने खापर घासून ठेवलंय, पुरणपोळी आणि आमरस ठरलेला. तू मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघ, भुसावळला घ्यायला येतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
पंड्या

ता. क. तुझा तो फुटलेला जुना फोन फेकलास का? फेकला नसशील तर घेऊन ये. त्याचं चार्जिंग जॅक आमच्या मास्तरांच्या फोनला बसतं.