गोळी लागू पडली नाही, की पोटात गेलीच नाही?

महोदय,

मुलांच्या अर्धशिशीचा विषय निघाला की चर्चा मोबाइल, जागरण आणि परीक्षेच्या ताणापाशी येऊन थांबते. लिहून दिलेले औषध मूल खरोखर घेते का, हे कुणी फारसे विचारत नाही. 'दोन महिने झाले, काडीचा फरक नाही' असे पालक सांगतात, डॉक्टर डोस वाढवतात, आणि घरी पट्टीत निम्म्या गोळ्या तशाच असतात. पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. वाढवलेला डोस आता आईच्या देखरेखीखाली पुरता पोटात जातो, मूल वर्गात पेंगते आणि 'हे औषध सोसत नाही' असा शिक्का बसतो. अमिट्रिप्टिलीन किंवा टोपिरामेट ही झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधे कमी मात्रेत सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवतात, ते शरीराला सवय व्हावी म्हणूनच. मधल्या गोळ्या चुकल्या की त्या चढत्या पायऱ्यांना काही अर्थ राहत नाही.

मुळात अर्धशिशीची औषधे दोन जातींची, आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलट. रोजची गोळी झटके कमी व्हावेत म्हणून असते. डोके दुखो न दुखो, ती घ्यायचीच. झटक्याची गोळी दुखायला लागताच घ्यायची, पण महिन्यातून मोजक्याच दिवशी. मुले बरोबर उलटे करतात. चार दिवस बरे गेले की रोजची गोळी राहते, आणि झटका आला की 'थांबेल आपोआप' म्हणत दुसरी लांबवली जाते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. रोजच्या गोळीचा गुण कळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. झोप, तोंडाला कोरड किंवा बोटांना मुंग्या मात्र सुरुवातीलाच जाणवतात. तेरा वर्षांच्या मुलाने त्यावरून 'हिचा उपयोग नाही' असे ठरवले, तर त्याचे गणित त्याच्या परीने बरोबरच असते. ही कालगणना पहिल्याच दिवशी पालकांना नव्हे, मुलाला सांगायला हवी.

किती गोळ्या गेल्या हे कळायला 'नीट घेतोस ना?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचे एकच उत्तर असते. 'गेल्या सात दिवसांत कितीदा राहिली, आणि कोणत्या वारी?' असे विचारावे. राहणे गृहीत धरले की मूल खरे बोलते, आणि वार कळला की कारणही कळते: बहुतेकदा सुटीचा दिवस, उशिरा उठणे, पाहुण्यांकडे मुक्काम. शिवाय पट्टी मोजावी. 30 गोळ्या आणल्या, 28 दिवसांनी 14 उरल्या, म्हणजे 28 पैकी 16 गेल्या, जेमतेम 57 टक्के. हा आकडाही उदारच समजावा, कारण काही गोळ्या बेसिनमध्ये जातात.

उपाय साधे आहेत. शक्य असेल तर डॉक्टरांकडून दिवसाला एकदाच घ्यायचे वेळापत्रक मागून घ्यावे. गोळी रात्रीच्या दात घासण्याला जोडावी; घड्याळाच्या गजरापेक्षा हे टिकते, कारण गजर बंद करून झोपता येते. सात कप्प्यांची डबी आठवड्यातून एकदा मुलानेच भरावी. सकाळी डोळे उघडत नसतील तर अमिट्रिप्टिलीन झोपताना घेण्याऐवजी तासभर आधी घेतल्याने फरक पडतो का, हे डॉक्टरांना विचारावे. चुकलेली गोळी भरून काढायला दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. आणि 'मोठा झालास, आता तुझं तू बघ' असे एका रात्रीत करू नये: आधी मोठ्यांनी हातात द्यावी, मग त्याने समोर घ्यावी, नंतर आठवड्यातून एकदा डबी पाहिली तरी पुरते.

झटक्याच्या औषधात वेगळीच चूक होते. मूल वाढते, चमचा वाढत नाही. आयब्युप्रोफेन मुलांना साधारणपणे दर किलोला 10 मिलिग्रॅम देतात. 30 किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेले सिरप 15 मिलिलिटर. सहाव्या वर्षी ठरलेला एक चमचा अकराव्या वर्षीही दिला, तर औषध बिचारे काय करणार? उशीरही तितकाच नडतो. झटका चढला की जठर मंदावते, गोळी रक्तात पोचायला वेळ लागतो, पुढे उलटीच होते. शाळेत गोळी कपाटात बंद असली की दोन तास असेच जातात. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत आधीच द्यावी: वजन, औषध, मात्रा, कधी द्यायची, दिवसात कमाल किती वेळा. दुसऱ्या टोकाला साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, ट्रिप्टान (खास अर्धशिशीच्या झटक्यावरची औषधे) 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले तर औषधामुळेच डोके दुखू लागू शकते. घेतलेली प्रत्येक गोळी कॅलेंडरवर खुणेने टिपावी.

आता एक अडचणीची गोष्ट. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 'चॅम्प' या अमेरिकी चाचणीत 8 ते 17 वर्षांच्या मुलांना 24 आठवडे औषध दिले गेले. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झालेली मुले अमिट्रिप्टिलीन गटात 52 टक्के, टोपिरामेट गटात 55, आणि नुसत्या बिनऔषधी गोळीच्या गटात 61 टक्के होती. उलट 2013 च्या एका चाचणीत अमिट्रिप्टिलीनला वर्तनोपचाराची (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची) जोड मिळालेल्या मुलांचे डोकेदुखीचे दिवस महिन्याला 11.5 ने घटले. औषधासोबत फक्त माहिती मिळालेल्यांचे 6.8 ने. म्हणून रोजची गोळी हा हट्टाचा विषय करू नये. नको असेल तर मुलाने तसे दवाखान्यात उघड म्हणावे आणि त्याला ते म्हणता यावे. चोरून सोडलेल्या गोळीमुळे डॉक्टरांचा पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो, आणि प्रोप्रानोलॉलसारखे रोजचे औषध एकदम थांबवणे तर धोक्याचेच. ते मात्रा उतरवत नेऊनच बंद करतात.

आपला,
एक फार्मासिस्ट वाचक