काकूंच्या ऑपरेशनआधी

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस बाबांच्या वेळी हॉस्पिटल कसं होतं, मी नुसतं 'ठीक होतं' म्हणालो. ते काही खरं उत्तर नव्हतं रे, आता काकूंचं ऑपरेशन ठरलंय तर सगळं सांगायलाच हवं.

डॉक्टर राऊंडला पाच मिनिटं यायचे, बाकी दिवस आणि अख्खी रात्र सिस्टरांच्याच हातात. दुसऱ्या रात्री बाबांना खूप दुखायला लागलं, बेल दाबली तर अर्धा तास कोणीच नाही, मग एक सिस्टर आल्या, सलाईनमधून इंजेक्शन दिलं आणि न बोलता गेल्या. उशिराचं एक वेळ सोड, पण काय दिलं, कशासाठी दिलं, काहीच कळलं नाही आणि मी रात्रभर बाबांचा श्वास बघत बसलो. पुढच्या रात्री दुसऱ्या सिस्टर होत्या. आल्या आल्या स्वतःचं नाव सांगितलं, शून्य ते दहात किती दुखतंय विचारलं, बाबा म्हणाले सात. औषध दिलं आणि म्हणाल्या, अर्ध्या तासाने बघायला येते. आणि खरंच आल्या! पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायच्या, मलाही हात कुठे लावायचा ते दाखवलं. त्या रात्री बाबा झोपले, मीही झोपलो.

पहिल्या सिस्टरांना मात्र आता नावं ठेवाविशी वाटत नाहीत. नंतर कळलं त्या रात्री अख्खा वॉर्ड त्या एकट्याच बघत होत्या. घरी आल्यावर मी वाचत सुटलो. २००२ साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा अभ्यास आला, त्यात दिसलं की नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशनच्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. कॅलिफोर्नियात तर २००४ पासून एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट द्यायचे ते ठरलेलंच आहे, सगळीकडे हवं असं.

आणि डिस्चार्जच्या दिवशी तो फीडबॅक फॉर्म, बाबा घरी जायला उतावीळ, मी बिलाच्या रांगेत, सगळीकडे 'उत्कृष्ट'वर टिक केली आणि तो बेलचा अर्धा तास कुठेच लिहिला नाही, याचं अजून वाईट वाटतं. अमेरिकेत पेशंट घरी गेल्यावर ४८ तास ते ६ आठवड्यांच्या आत असा फीडबॅक विचारतात, तेव्हा माणूस मोकळेपणाने बोलू शकतो. आणि पहिले प्रश्नच नर्सबद्दल असतात, तुमचं नीट ऐकून घेतलं का, समजेल असं सांगितलं का, आणि उत्तर 'कधीच नाही' ते 'नेहमी' यातलं एक निवडायचं.

तू काकूंसाठी एवढं कर, रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात ते आधी विचार, प्रत्येक औषधाचं नाव विचारून लिहून ठेव, आणि ड्युटी बदलताना बेडपाशी थांब, गफलत तेव्हा होऊ शकते. तारीख कळव. पहिल्या दोन रात्री मी थांबतो काकूंजवळ, तू घरी जाऊन झोप.

तुझाच