शिक्षण परिषदेत शिकवण्यावर बोलू द्या

महोदय,

कालच्या अंकातील 'शाळा सोडून गुरुजी परिषदेत' ही बातमी वाचून वाईट वाटले. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेला आम्ही शिक्षक शाळा चुकवायला जातो, असा तिचा सूर आहे. बातमीदारांनी एखाद्या परिषदेत शेवटपर्यंत बसून पाहायला हवे होते.

आमच्या केंद्रात एका परिषदेला एका बाईंनी तिसरीच्या मुलांच्या वह्या आणल्या होत्या. हातच्याची वजाबाकी. 52 मधून 37 गेले की उत्तर 25. हीच चूक माझ्याही वर्गात होती आणि शेजारच्या गावातही. मुले दोनातून सात जात नाहीत म्हणून सरळ सातातून दोन वजा करत होती. मी वर्षानुवर्षे त्यावर लाल फुली मारून पुन्हा रीत सांगत आले होते. एका वस्तीवरच्या शाळेतले गुरुजी म्हणाले, खेळातल्या नोटा द्या. दहाच्या पाच नोटा आणि दोन सुटे रुपये. त्यातून 37 रुपये द्यायचे. सात द्यायला सुटे पुरत नाहीत, दहाची नोट मोडावीच लागते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसेच केले आणि नोट का मोडायची हे मुलेच एकमेकांना सांगू लागली. कोणत्याही मोठ्या प्रशिक्षणातून मला हे मिळाले नव्हते.

कोणाच्या वर्गात काय झाले, कोणते मूल तरीही अडले, हे पुढच्या परिषदेत मांडायचे ठरले होते. पण ती सगळी परिषद आधार दुरुस्ती, यू-डायस या सरकारी नोंदणीसाठी शाळेची माहिती आणि पोषण आहाराच्या नोंदींत गेली. बाईंनी वह्या पुन्हा आणल्या होत्या. 'ते नंतर बघू' असे वरिष्ठांनी सांगितले आणि उपस्थितीचा फोटो काढून परिषद संपली. याचा मला आजही राग आहे.

शाळांनी एकमेकींना धरून चालावे, हे कोठारी शिक्षण आयोगाने 1966 मध्येच सांगितले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास आहेत. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे काही केंद्रांच्या मिळून झालेल्या शाळांच्या गटात, राज्यभरातले शिक्षक जात होते ते तिथले वर्ग पाहायला. परिपत्रके व्हॉट्सॲपवर येतातच, ती परिषदेत वाचून दाखवू नका. तो वेळ वह्यांना द्या, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात मागे बसून पाठ बघण्याची परवानगी द्या. द्विशिक्षकी शाळेतून एक जण निघाला की चारही इयत्ता दुसऱ्यावर पडतात, त्याची सोयही प्रशासनानेच करायला हवी.

आणखी एक. आपल्या तालुका पानावर आमच्या शाळा दिसतात त्या फक्त गणवेश वाटपाच्या फोटोत, आणि त्यातही पाहुणे पुढे, मुले मागे. एकदा वर्ग चालू असताना वार्ताहर पाठवा. आम्ही कोणालाही अडवणार नाही.

– एक जिल्हा परिषद शिक्षिका