आई-बाबा, मी नेमकं काय मोजते आहे

रविनगर, नागपूर

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की कॉलेजातली पक्की नोकरी सोडून मी पीएच.डी. करतेय ती गणितात की मानसशास्त्रात, आणि पांढरकवड्यात कोणी विचारलं तर सांगायचं तरी काय. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसले. नवतपा लागलाय, दुपारी कूलरसमोरही डोकं चालत नाही, तेव्हा पहाटेच लिहितेय.

माझ्या विषयाला मनोमापन म्हणतात. काम सगळं संख्याशास्त्राचं, पण जे मोजायचं ते मुलाच्या डोक्यात असतं. तिथे फूटपट्टी लावता येत नाही.

तुम्ही आयुष्यभर पेपर तपासलेत. दहावीला ३५ म्हणजे पास, ३४ म्हणजे नापास. आमच्या विषयाचा पाया म्हणजे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये मांडायला घेतलेला विचार: मिळालेले गुण म्हणजे मुलाची खरी पातळी, अधिक मोजण्यातली चूक. ही चूक किती, तेही काढता येतं. बाबा, कागद घ्याच. समजा एका पेपरात गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, १० आहे. आणि पेपरची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा घेतला तर गुण कितपत तसेच येतील ते ० ते १ मध्ये, ०.९१, म्हणजे पेपर चांगलाच आहे. १ मधून ०.९१ वजा करा, उरलेल्या ०.०९ चं वर्गमूळ ०.३, त्याला १० ने गुणा. आले ३ गुण. साधारण तीनातल्या दोन मुलांचे गुण खऱ्या पातळीच्या ३ गुण अलीकडे-पलीकडे पडतात, तिसऱ्याचे त्याहून लांब. मग ३४ वाला आणि ३६ वाला, या दोन पोट्ट्यांत खरा फरक आहे असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? गुणपत्रिकेवर गुणांशेजारी ही चूकही छापावी, असं माझं ठाम मत आहे.

पुढची पायरी मला सगळ्यात सुंदर वाटते. गेऑर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या चुका अभ्यासता अभ्यासता एक सूत्र मांडलं. त्याचं पुस्तक १९६० चं. मूल आणि प्रश्न, दोघांना तो एकाच मापावर बसवतो. मुलाची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी सारखी असेल तर बरोबर उत्तराची शक्यता निम्मी. मूल एका एककाने पुढे असेल तर ७३ टक्के, दोनने पुढे असेल तर ८८. सूत्राला फक्त दोघांमधलं अंतर लागतं. मूल कोणाचं, कुठल्या शाळेतलं, घरी काय बोलतं, याला त्यात जागाच नाही. परीक्षा अशीच असायला हवी ना?

प्रत्यक्षातला पेपर मात्र तसा वागतोच असं नाही, आणि माझं काम तिथे सुरू होतं. समजा चौथीच्या पेपरात लोकलच्या मासिक पासावर गणित आलं. कल्याणचं एक मूल आणि झरी-जामणीच्या पोडावरचं, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचं एक, दोघांची भागाकाराची तयारी सारखी. तरी पोडावरचं मूल अडखळतं, कारण महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि मग रोज तिकिटाशिवाय बसायचं, हा व्यवहार त्याने कधी पाहिलेलाच नाही. चूक भागाकाराची नाही, पण गुण भागाकाराचे जातात.

असा प्रश्न पकडायची रीत आहे. एकूण गुण सारखे असलेल्या मुलांचे गट करायचे आणि प्रत्येक गटात त्या एका प्रश्नावर इकडची नि तिकडची मुलं वेगळी पडतात का ते बघायचं. मुळात ही पद्धत रोगांची कारणं शोधण्यासाठी मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये दिली, आणि हॉलंड व थेयर यांनी १९८८ मध्ये ती परीक्षांना लावली. हजारो मुलं असली की ती छान चालते. पण कोलाम मुलं एका तालुक्यात किती असणार? आकडा लहान असला की प्रश्नच वाकडा आहे की नुसता योगायोग, हे ठरत नाही. मग पुरावा अपुरा म्हणून प्रश्न तसाच पेपरात राहतो. मुलं थोडी, म्हणून त्यांच्यावरचा अन्याय दिसतच नाही! मला हे सहन होत नाही. यावर बेझच्या पद्धतीचं गणित आहे: बाकीचे सगळे प्रश्न कसे वागले त्याचा आधार घेऊन एका प्रश्नाचा डळमळीत अंदाज सावरायचा. लहान गटासाठी असं करताना आपण किती चूक पत्करतो, त्याचा हिशेब मांडणं हा माझा प्रबंध.

डी.एड.ला तुम्ही बिने शिकला असाल. त्याने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमत्तेची चाचणी केली ती ज्या मुलांना जास्त मदत हवी ती ओळखण्यासाठी. आणि १९१३ मध्ये अमेरिकेतल्या एलिस बेटावर, बोटीतून नुकत्याच उतरलेल्या परक्या माणसांना तसल्याच चाचण्या देऊन मंदबुद्धी ठरवलं गेलं. माप तेच, हात बदलले. म्हणून या विषयात आपल्या भागातलं कोणीतरी असायला हवं, आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागली याचं मला दुःख नाही. शिष्यवृत्तीत भागतंय, खरंच काळजी करू नका.

आता एक काम. सोबत गणिताचे प्रश्न पाठवतेय, बाबांच्या डोळ्यांसाठी मोठ्या टायपात. कुठला प्रश्न वाकडा तेवढं गणित सांगतं, का वाकडा ते सांगत नाही. आई, इथे तुझी गरज बाबांपेक्षा जास्त आहे. तू अंगणवाडीत कोलामी बोलत त्या लेकरांना वाढवलंस. गोट्या आणि मोहाची फुलं बिनचूक मोजणारं मूल पाटीसमोर गप्प का होतं, ते तुला ठाऊक आहे. प्रत्येक प्रश्नापुढे लिही, पोडावरच्या मुलाला हा कुठे अडवेल. मला हे शिकलेल्या लोकांकडून मिळणार नाही.

दोघं वेगवेगळ्या कागदावर लिहा आणि पाकिटं बंद होईपर्यंत एकमेकांचं बघू नका. मतं स्वतंत्र असली तरच मला त्यांचा मेळ तपासता येईल. बाबा, आईला उत्तरं सुचवू नका.

तुमची,
वैशाली