बकम सिंग यांचा माग काढणाऱ्या संशोधकास आभारपत्र

किचनर, ऑन्टॅरिओ, कॅनडा

आदरणीय श्री. संदीपसिंग ब्रार यांस,
स. न. वि. वि.

आपला माझा परिचय नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे आणि मराठीतून लिहीत आहे, कारण आपले आभार मानता मानता आपले काम माझ्या मराठी बांधवांपर्यंतही पोहोचावे, अशी इच्छा आहे.

इंग्लंडमध्ये विकायला आलेले पहिल्या महायुद्धातील एक विजयपदक आपल्या हाती आले. अशी पदके त्या काळी लाखो सैनिकांना मिळाली होती, त्यामुळे पंख पसरलेली विजयदेवता आणि इंद्रधनुषी फीत पाहून एखाद्याने ते संग्रहात ठेवून दिले असते. आपण त्याची कडा वाचली. त्या अरुंद कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नाव शीख आणि पलटण मात्र कॅनडाची, ही गोष्ट आपल्या नजरेतून सुटली नाही आणि लष्करी कागदपत्रांचा माग काढत आपण आमच्या शहरातल्या माउंट होप दफनभूमीत, त्या सैनिकाच्या म्हणजे बकम सिंग यांच्या थडग्यापर्यंत येऊन पोहोचलात.

बकम सिंग पंजाबातील माहिलपूरचे. 1907 मध्ये, मिसरूड फुटण्याच्या वयात, ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उतरले. त्याच वर्षी त्या प्रांताने भारतीयांचा मताधिकार काढून घेतला आणि पुढच्या वर्षी कॅनडा सरकारने असा नियम केला की मायदेशाहून वाटेत कोठेही न थांबता थेट येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून थेट बोटच नव्हती, म्हणजे दार बंदच! पत्नी प्रीतम कौर पंजाबातच राहिल्या. 1914 च्या उन्हाळ्यात भारतीयांना घेऊन आलेल्या कोमागाटा मारू जहाजाला दोन महिने व्हँकुव्हरच्या बंदरात अडकवून त्यावरील 376 प्रवाशांपैकी बहुतेकांना परत पाठवण्यात आले, आणि या घटनेला वर्षही उलटले नसताना हा तरुण ऑन्टॅरिओमध्ये कॅनडाच्या सैन्यात भरती झाला. त्या युद्धात त्या सैन्यात शीख सैनिक होते जेमतेम दहा.

1916 मध्ये विसाव्या बटालियनमधून बेल्जियममधील फ्लँडर्सच्या खंदकांत लढताना ते दोनदा जखमी झाले आणि दोन्ही वेळा बचावले. गाठले ते क्षयाने. इंग्लंडमध्ये जडलेला तो आजार घेऊन ते कॅनडात परतले आणि 27 ऑगस्ट 1919 रोजी, युद्ध संपून गेल्यावर, किचनरच्या रुग्णालयात वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारले. (या शहराचे नावही त्या युद्धाचीच देणगी. 1916 पर्यंत हे बर्लिन होते. मग त्याला लॉर्ड किचनरचे, म्हणजे हिंदुस्थानात कर्झनशी भांडलेल्या त्याच सरसेनापतीचे नाव दिले गेले.)

गोळी लागून रणांगणावर पडलेल्याला आपण हुतात्मा म्हणतो, मात्र त्याच खंदकांतून आलेला, खाटेवर खोकून खोकून झिजलेला सैनिक सहसा त्या रांगेत बसत नाही. आपण या आजारपणाचा भाग आवरता घेतला नाहीत. जखमांइतकाच तोही ठळकपणे मांडलात, आणि माझ्या मते आपल्या कामाचे मोल तिथेच सर्वांत जास्त आहे.

महाराष्ट्रातून इथे आलेल्या माझ्यासारख्याला हे अधिकच जाणवते. त्या युद्धानंतर इंग्रजांनी आमच्याकडे गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या, पण त्यांवर या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती कामी आली, एवढाच आकडा असतो. नावे नसतात. त्याच युद्धात इराकमधील कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणींतील किती जणांच्या घरी आज त्यांचे नाव तरी ठाऊक असेल?

गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही काही मराठी कुटुंबे प्रथमच बकम सिंग यांच्या समाधीवरील स्मरणसभेला गेलो. गणवेशातील शीख सैनिक, कोटावर युद्धस्मरणाचे लाल पॉपीचे फूल लावलेली मुले, बोचऱ्या वाऱ्यात चाललेली अरदास म्हणजे शीख प्रार्थना. आम्हाला कोणी परके मानले नाही. ज्या थडग्याकडे कितीतरी वर्षे कोणी फिरकले नव्हते, तिथे उभे राहायला जागा अपुरी पडत होती. हे आपल्यामुळे घडले, त्याबद्दल आम्हा सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार.

एक विनंतीही करतो. जुन्या पदकांच्या बाजारात मराठा पलटणीतील एखाद्याचे पदक आपल्या दृष्टीस पडले, तर आम्हाला जरूर कळवावे. कडेवरच्या नावावरून गाव आणि घर शोधण्याचे काम आम्ही करू.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
किचनरमधील एक मराठी रहिवासी